एक मॉनिटर, दोन कॉम्प्युटर आणि चार फुटांचं टेबल

आमच्या हॉलमधलं टेबल चार फूट लांब, दोन फूट रुंद. त्यावर माझा ऑफिसचा लॅपटॉप आणि खाली लेकीचा डेस्कटॉप. मॉनिटर मात्र एकच, 24 इंची. सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत तो माझा, सातनंतर तिचा. सुरुवातीला ही अदलाबदल अशी चालायची: मी मॉनिटरमागे हात घालून चाचपडत माझी केबल काढायची, टेबलाखाली वाकून तिची शोधायची, ती लावायची, मग कीबोर्ड काढून तिकडे, माऊस काढून तिकडे. सकाळी सगळं उलटं. तीन महिन्यांनी एका घाईच्या सकाळी मी एचडीएमआयची पिन तिरकी दाबली आणि मॉनिटरचा तो पोर्ट कायमचा सैल झाला. हात लागला की स्क्रीन काळी. मग कुठे मी शांतपणे बसून हे प्रकरण समजून घेतलं.

समजलं ते एवढंच. मॉनिटर वाटून घेणं हा एक प्रश्न आणि कीबोर्ड-माऊस वाटून घेणं हा दुसरा. दुकानात दोन्हींचं मिळून एकच उत्तर मिळतं, त्याला केव्हीएम स्विच म्हणतात, आणि माणूस आधी तेच घेऊन मोकळा होतो. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत मॉनिटरच्या पाठीवर आधीच असतं. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमाने करा आणि पाकीट सगळ्यात शेवटी उघडा.

पायरी 1: मॉनिटरच्या पाठीमागे डोकावा

मोबाइलचा टॉर्च लावा आणि मॉनिटरच्या मागे काय काय पोर्ट आहेत ते बघा. फोटोच काढून ठेवा, नंतर दहा वेळा लागतो. एचडीएमआय सगळ्यांच्या ओळखीचं. त्याच्यासारखंच दिसणारं, पण एकच कोपरा कापलेलं असेल तर ते डिस्प्लेपोर्ट. जुन्या मॉनिटरवर निळ्या रंगाचं, स्क्रूवालं व्हीजीए असतं. नव्यांवर छोटं, लंबगोल यूएसबी-सी असू शकतं.

असे दोन पोर्ट असले की झालं. सगळं बंद करून (का ते शेवटी सांगतो) एकात लॅपटॉप, दुसऱ्यात डेस्कटॉप, दोन्ही केबली कायमच्या लावून ठेवा. दोन कॉम्प्युटर एकाच मॉनिटरला एकाच वेळी जोडले तर काही जळत नाही. मॉनिटर एका वेळी एकाचंच दाखवतो, दुसरा गपगुमान वाट बघतो.

इथे नवखे लोक तीन ठिकाणी हमखास अडकतात.

पहिलं म्हणजे केबलची दिशा. एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी केबल मिळते. ती साधारणपणे एकाच दिशेने चालते: कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटी लावली तर स्क्रीन काळीच राहते आणि आपण कॉम्प्युटरला शिव्या देतो. कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट अशी जोडी असेल तर त्यासाठी वेगळा, सिग्नल बदलून देणारा ॲडॉप्टर लागतो. त्याला बऱ्याचदा पॉवरसाठी यूएसबीची शेपटीही असते. दुकानदाराला ‘कुठून कुठे’ हे स्पष्ट सांगा, नुसतं ‘कन्व्हर्टर द्या’ म्हणू नका.

दुसरं, डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्या पोर्टला लावायची. मदरबोर्डवरचा पोर्ट कॅबिनेटमागे वरच्या बाजूला, उभ्या पट्टीत असतो. कार्डाचे पोर्ट त्याच्या खाली, आडवे. वरचा पोर्ट हाताला पटकन लागतो म्हणून सगळे तिथेच खुपसतात. मग एक तर स्क्रीन काळी, नाहीतर कार्ड असूनही गेम रखडतात.

तिसरं, लॅपटॉपचा यूएसबी-सी. दिसायला सगळे सारखे, पण प्रत्येक पोर्ट चित्र पाठवतोच असं नाही. काही नुसते चार्जिंगचे असतात, काही नुसते डेटाचे. पोर्टशेजारी छोटं ‘डीपी’चं चिन्ह किंवा विजेचा बाण (थंडरबोल्टची खूण) दिसली तर बहुधा चालेल. खात्री हवी असेल तर लॅपटॉपचं मॉडेल टाकून कंपनीच्या साइटवर बघा. हीच गोष्ट केबलची: मोबाइलच्या डब्यातली चार्जिंगची केबल इथे बहुधा चालत नाही.

मॉनिटर 4के असेल तर आणखी एक बघा. एचडीएमआय 1.4 वर 4के चित्र सेकंदाला 30 वेळाच ताजं होतं. माऊसचा बाण चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. 60 हवे असतील तर दोन्ही टोकांना एचडीएमआय 2.0 किंवा डिस्प्लेपोर्ट 1.2 तरी लागतं. साध्या फुल एचडी मॉनिटरवाल्यांनी हा परिच्छेद विसरावा.

केबली लावून झाल्या की दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्यावर काहीतरी खूण करा. मी ‘ऑ’ आणि ‘घ’ लिहिलंय. टेबलाखाली अंधारात चार काळ्या केबली हातात आल्या की या एका अक्षराची किंमत कळते.

पायरी 2: इनपुट बदला, आणि ‘ऑटो’ बंद करा

आता मॉनिटरच्या खालच्या कडेला किंवा पाठीला जी बारकी बटणं आहेत, ज्यांना आपण विकत घेतल्यापासून हात लावलेला नाही, ती दाबा. मेन्यूमध्ये ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ सापडेल. तिथे एचडीएमआय 1, एचडीएमआय 2, डीपी अशी नावं दिसतील. नाव बदललं की कॉम्प्युटर बदलला. बऱ्याच मॉनिटरमध्ये एखाद्या बटणाला ‘इनपुट’ हेच काम कायमचं नेमून देता येतं. ते करा, म्हणजे अदलाबदल दोन दाबांत होते.

त्याच मेन्यूत ‘ऑटो सोर्स’ किंवा ‘ऑटो इनपुट’ असं काहीतरी असतं. विकत आणताना ते चालूच असतं. एकच कॉम्प्युटर असेल तर सोय, दोन असतील तर डोकेदुखी. आमच्याकडे मी लॅपटॉप झोपवून चहाला उठलो की मॉनिटर आपणहून डेस्कटॉपकडे जायचा, डेस्कटॉपही झोपलेला दिसला की परत लॅपटॉपकडे, आणि मी कळ दाबून लॅपटॉप उठवेपर्यंत स्वारी पुन्हा तिकडे. लेक म्हणायची, “बाबा, तो टेनिस बघतोय.” ऑटो बंद केलं आणि खेळ थांबला.

लॅपटॉपवाल्यांनी दोन सेटिंग बघून घ्यावीत. विंडोजवर विंडोज की आणि पी एकत्र दाबलं की चित्र कुठे दाखवायचं ते विचारतं: दोन्हीकडे तेच, दोन्ही मिळून एक मोठी जागा, की फक्त मॉनिटरवर. आणि झाकण बंद करून काम करायचं असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘झाकण बंद केल्यावर’ काय व्हावं तिथे ‘काही करू नये’ निवडा, नाहीतर झाकण मिटताच लॅपटॉप झोपेल. पण झाकण बंद लॅपटॉप पिशवीत टाकताना तो आधी आठवणीने बंद करा. पिशवीत चालू राहिलेला लॅपटॉप इस्त्रीइतका तापतो.

इनपुट बदलून परत आलात आणि सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर ढिगाने पडलेल्या दिसल्या तर घाबरू नका. इनपुट बदलताच काही मॉनिटर पहिल्या कॉम्प्युटरशी संबंधच तोडतात. त्याला वाटतं मॉनिटर काढला, आणि तो आवराआवर करतो. विंडोज 11 मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’ खाली मॉनिटरनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे. तो चालू ठेवा. शंभर टक्के नाही, पण बरंच भागतं.

हौशी लोकांसाठी एक गंमत. बहुतेक मॉनिटर कॉम्प्युटरकडून केबलमधूनच हुकूम घेतात, त्या भाषेला डीडीसी/सीआय म्हणतात. त्यात इनपुट बदलायचा कोड 60 आहे (हा हेक्साडेसिमलमधला, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीतला; पुढचे आकडे मात्र नेहमीच्या दशमानातले). साधारणपणे किंमत 15 दिली तर डिस्प्लेपोर्ट 1, 17 दिली तर एचडीएमआय 1, आणि 18 म्हणजे एचडीएमआय 2. विंडोजवर ‘कंट्रोल माय मॉनिटर’ आणि लिनक्सवर ‘डीडीसीयूटिल’ या मोफत प्रोग्रॅमांनी हे करता येतं, आणि त्याला कीबोर्डचा शॉर्टकट जोडला की मॉनिटरचं बटण दाबायचीही गरज नाही. काही मॉनिटर मनाचे राजे असतात आणि वेगळेच आकडे वापरतात, तेव्हा एकेक करून बघावं लागतं.

पायरी 3: कीबोर्ड आणि माऊस

आता खरा प्रश्न. इथे तीन वाटा आहेत.

पहिली वाट, एकाहून जास्त कॉम्प्युटर ओळखणारा वायरलेस कीबोर्ड. लॉजिटेकचा के380 हे त्याचं सगळीकडे दिसणारं उदाहरण. तीन उपकरणांशी ब्लूटूथने जोडी जमवून ठेवतो आणि वरच्या ओळीतल्या एफ1 ते एफ3 या कळांनी त्यांच्यात उडी मारतो. असे माऊसही मिळतात. टेबलावर वायर नाही, हे मोठं सुख. दोन कटकटी आहेत. कीबोर्ड वेगळा बदलायचा, माऊस वेगळा, आणि बऱ्याच माऊसचं ते बटण पोटाखाली असतं. शिवाय कॉम्प्युटर सुरू होताना, विंडोज यायच्या आधी, ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा ओळखला जात नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जायचं असेल तर एक जुना वायरचा कीबोर्ड माळ्यावर ठेवून द्या. फेकू नका.

दुसरी वाट, यूएसबी स्विच. आमच्याकडे हीच आहे आणि बहुतेकांना मी हीच सांगतो. काडेपेटीहून थोडी मोठी डबी असते. एका बाजूने दोन केबली निघतात, एक लॅपटॉपला आणि एक डेस्कटॉपला. दुसऱ्या बाजूला दोन किंवा चार यूएसबी पोर्ट असतात, त्यात कीबोर्ड, माऊस, वेबकॅम. वर एक बटण. दाबलं की सगळी वरात त्या कॉम्प्युटरकडे. सॉफ्टवेअर नाही, ड्रायव्हर नाही. चित्राशी तिचा काही संबंध नसल्यामुळे 4के की फुल एचडी याचीही चिंता नाही. घरात कीबोर्ड-माऊसचा जुना, एका डोंगलवाला (यूएसबीत खुपसायच्या छोट्या रिसीव्हरवाला) वायरलेस जोड असेल तर त्याचा डोंगल या डबीत लावा, तोच जोड दोघांना पुरतो.

डोंगलबद्दल एक सांगतो, कारण यात माझे दोन दिवस गेले. स्विच लावल्यावर माऊस अडखळायला लागला. बॅटरी बदलली, पॅड बदललं, काही नाही. कारण निघालं शेजारचा पोर्ट. यूएसबी 3.0 च्या निळ्या पोर्टातून डेटा धावत असला की त्यातून 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो, आणि वायरलेस माऊस नेमका तिथेच बोलतो. इंटेलने 2012 मध्ये यावर तपशीलवार टिपणही काढलं होतं. उपाय हास्यास्पद सोपा आहे: वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल त्या गर्दीपासून दूर, टेबलावर माऊसजवळ आणायचा. माऊस लोण्यासारखा चालायला लागला.

तिसरी वाट सॉफ्टवेअरची. ती तेव्हाच कामाची जेव्हा दोन्ही कॉम्प्युटरांची चित्रं एकाच वेळी समोर असतात. समजा लॅपटॉप उघडा आहे आणि शेजारच्या मॉनिटरवर डेस्कटॉप चालू आहे. माऊस लॅपटॉपच्या उजव्या कडेला नेला की तो सरळ मॉनिटरवर, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो. पहिल्यांदा बघताना जादू वाटते. दोन्ही विंडोज असतील तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइजमधलं ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ चार कॉम्प्युटरांपर्यंत चालतं. दोन मॅक, किंवा मॅक आणि आयपॅड, असतील तर ॲपलचं ‘युनिव्हर्सल कंट्रोल’ मॅकओएस 12.3 पासून आतच आहे, फक्त दोन्हीकडे एकच ॲपल अकाउंट हवं. विंडोज, मॅक, लिनक्स अशी खिचडी असेल तर ‘डेस्कफ्लो’ किंवा ‘इनपुट लीप’. पण एक लॅपटॉप ऑफिसचा असेल तर ही वाट बहुधा बंदच. त्यावर स्वतःहून काही टाकता येत नाही, आणि येत असलं तरी विचारल्याशिवाय टाकू नये. ऑफिसात कॉपी केलेला मजकूर घरच्या कॉम्प्युटरवर पेस्ट होतो, हे कुठल्याच आयटीवाल्याला आवडत नाही.

मग केव्हीएम कधी घ्यायचा?

केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. मूळचा हा सर्व्हर रूमचा माणूस: कपाटभर मशीन आणि त्यांच्यासाठी एकच स्क्रीन. घरात तो घ्यावा, तर मॉनिटरला एकच चालू पोर्ट असेल तेव्हा (माझी वेळ थोडक्यात टळली, डिस्प्लेपोर्ट शाबूत होता), किंवा दिवसातून वीसेक वेळा अदलाबदल होत असेल आणि एकाच बटणात सगळं हवं असेल तेव्हा. यूएसबी स्विचपेक्षा तो महाग पडतो, आणि स्वस्तातला घेतला तर मनस्ताप वेगळा.

घेताना खोक्यावर नुसतं ‘4के’ लिहिलंय यावर जाऊ नका, किती हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला किती वेळा) ते वाचा. ‘4के 30 हर्ट्झ’ असेल तर खाली ठेवा. ‘ईडीआयडी एम्युलेशन’ आहे का विचारा. म्हणजे बटण तिकडे फिरवलं तरी हा कॉम्प्युटर समजतो की मॉनिटर अजून जोडलेला आहे, आणि खिडक्यांचा ढीग होत नाही. केबली सोबत आहेत का तेही बघा, कारण दोन कॉम्प्युटरना मिळून दोन चित्राच्या, दोन यूएसबीच्या आणि मॉनिटरची एक, अशा पाच लागतात. कीबोर्डसाठी राखीव पोर्ट असेल तर त्यात काही गेमिंग कीबोर्ड नीट चालत नाहीत. तोच कीबोर्ड शेजारच्या साध्या यूएसबी पोर्टात लावून बघा. मात्र मग कीबोर्डवरची स्क्रोल लॉक कळ दोनदा दाबून अदलाबदल करायची जी सोय बऱ्याच केव्हीएमना असते, ती बहुतेक जाते.

आणि नवीन मॉनिटरच घ्यायचा असेल तर हा सगळा खटाटोप मॉनिटरच्या आत बसवलेले मॉडेल मिळतात. त्यांच्या पाठीवर यूएसबी-सी आणि शिवाय एक चौकोनी यूएसबी-बी पोर्ट असतो. लॅपटॉपला यूएसबी-सीची एकच केबल: चित्र, चार्जिंग, कीबोर्ड, सगळं त्यातून. डेस्कटॉपला एचडीएमआय आणि त्या चौकोनी पोर्टाची केबल. कीबोर्ड-माऊस मॉनिटरलाच. इनपुट बदललं की तेही आपोआप बदलतात. काहींच्या घरी असा मॉनिटर दोन वर्षं पडून असतो आणि मेन्यूतलं ‘केव्हीएम’ कुणी उघडलेलं नसतं. म्हणूनच पहिली पायरी टॉर्चची.

स्विचला काय लावायचं, काय नाही

कीबोर्ड, माऊस, वेबकॅम, हेडसेट खुशाल लावा. पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क अजिबात नाही. बटण दाबणं म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती खसकन उपटणं, आणि फाइल लिहिली जात असेल तर ती गेली. शिवाय घरची हार्ड डिस्क नकळत ऑफिसच्या लॅपटॉपला जोडली गेली तर दुसऱ्या दिवशी आयटीचा मेल ठरलेला. प्रिंटर वायफायवर टाका, त्याला या भानगडीत ओढू नका.

वेबकॅम स्विचवर असेल तर घरात सगळ्यांना एक ताकीद देऊन ठेवा. एकदा माझी मीटिंग चालू असताना लेकीने सवयीने बटण दाबलं. माझं चित्र गोठलं, आवाज गेला, आणि पलीकडच्या बाराजणांनी अर्धा मिनिट माझं उघडं तोंड पाहिलं. आता मीटिंग असली की डबीवर चहाचा कप उपडा घालून ठेवतो.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी

हे कुठल्याच डबीच्या पत्रकात लिहिलेलं नसतं. कीबोर्ड फक्त ‘अमुक नंबरची कळ दाबली’ एवढंच कळवतो, तिचा ‘क’ करायचा की ‘k’ची कळ समजायची हे कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून डेस्कटॉपवर मराठी इनस्क्रिप्ट आणि लॅपटॉपवर फक्त इंग्रजी असेल तर तोच कीबोर्ड इकडे मराठी लिहील आणि तिकडे इंग्रजीतला कचरा. दोन्हीकडे भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घ्या, आणि दोन्हीकडे एकच लेआउट ठेवा: एकीकडे इनस्क्रिप्ट आणि दुसरीकडे फोनेटिक असं केलं तर बोटं आठवडाभर गोंधळतात. विंडोजवर विंडोज की आणि स्पेसने भाषा बदलते. मॅक आणि विंडोज अशी जोडी असेल तर कंट्रोल आणि कमांडच्या जागांचीही तीच गत, पण मॅकच्या सेटिंगमध्ये त्या कळा आपापसांत बदलता येतात.

शेवटची दोन कामं

सगळं जोडण्याआधी दोन्ही कॉम्प्युटर आणि मॉनिटर बंद करा, आणि एकाच, चांगलं अर्थिंग असलेल्या तीन पिनी बोर्डवर आणा. आता ही तिन्ही यंत्रं केबलींमधून एकमेकांना जोडलेली आहेत. जुन्या इमारतीत अर्थिंग नावापुरतं असेल तर कॅबिनेटला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येतात, स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. तसं झालं तर आधी इलेक्ट्रिशियन, मग कॉम्प्युटर.

आणि झोपलेला कॉम्प्युटर. कीबोर्ड लॅपटॉपकडे असताना डेस्कटॉप झोपला तर बटण तिकडे फिरवल्यावर तो कधी कधी उठत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘या उपकरणाला कॉम्प्युटर जागा करू द्या’ यावर खूण करा. तरीही नाही उठला तर कॅबिनेटचं पॉवर बटण एकदाच, हलकेच दाबायचं. धरून ठेवायचं नाही, नाहीतर तो सरळ बंद होतो आणि उघडा राहिलेला प्रोजेक्ट जातो. आमचं कॅबिनेट टेबलाखाली उजवीकडे सरकवून ठेवलंय, लेक ते पायाच्या अंगठ्याने दाबते.